वेदनेची वाचा आणि चेतारोध : खुब्याच्या अस्थिभंगातील वेदनाशमनाचा विचार

‘वेदना’ या शब्दाच्या मुळाशी ‘विद्’ म्हणजे जाणणे हा धातू आहे. बौद्ध ग्रंथांत वेदना सुखद असते, दुःखद असते, आणि सुखदुःखरहितही असते. तेथे तिचा अर्थ केवळ ‘जाणवणे’ एवढाच आहे. मराठीत या शब्दाचा अर्थसंकोच झाला आणि दुःखद तेवढी वेदना उरली. परंतु मूळ अर्थाची एक खूण आजही पुसलेली नाही. जाणणे ही क्रिया जाणणाऱ्यापुरती असते. तिच्यात दुसऱ्याला शिरता येत नाही. दुसऱ्याला तिची वार्ता लागते ती बहुधा शब्दावाटे. वैद्यकाचा व्यवहारही फार काळ याच गृहीतावर चालत आला : रुग्णाने सांगावे, वैद्याने ऐकावे, आणि सांगण्याच्या मानाने औषधाची मात्रा ठरावी. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्ध रुग्णांच्या बाबतीत हे गृहीत कोठे तुटते, आणि चेतारोध या उपायाने त्या तुटीवर कितपत मात होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

गृहीत किती खोलवर रुजलेले होते याची साक्ष एका व्याख्येत मिळते. वेदनेच्या अभ्यासासाठी स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ साली वेदनेची व्याख्या केली. शरीराच्या ऊतींना झालेल्या वा होऊ घातलेल्या इजेशी निगडित, अथवा तशा इजेच्या भाषेत वर्णिलेला, असा एक अप्रिय संवेदनात्मक व भावनात्मक अनुभव, असा तिचा आशय होता. या व्याख्येतील ‘वर्णिलेला’ हे एक धातुसाधित चाळीस वर्षे वादाचा विषय झाले. ज्याला वर्णन करता येत नाही त्याचे काय? तान्हे मूल, मूक प्राणी, पक्षाघाताने वाचा गेलेला मनुष्य, स्मृतिभ्रंशाने शब्द हरवलेली वृद्धा, यांची वेदना व्याख्येच्या आत की बाहेर? संघटनेने २०२० साली व्याख्या सुधारली, तेव्हा ते धातुसाधित काढून टाकून त्या जागी ‘तत्सदृश’ अशा अर्थाचा शब्द घातला. शाब्दिक वर्णन हा वेदना व्यक्त करण्याच्या अनेक प्रकारांपैकी केवळ एक प्रकार आहे, आणि सांगता न येणे म्हणजे वेदना नसणे नव्हे, असे सोबतच्या टिपांत नमूद केले. एका शब्दाची ही उचल-ठेव भाषाभ्यासकाला लहान वाटणार नाही. रुग्णालयातील खाटेपाशी तिचा अर्थ काय होतो, ते आता पाहावयाचे आहे.

खुब्याचा अस्थिभंग हा मुख्यतः उतारवयातील अपघात आहे, आणि त्यातही स्त्रियांचे प्रमाण अधिक. हाडे विरळ झालेली असतात. न्हाणीघरात पाय घसरणे, रात्री उठताना तोल जाणे, उंबऱ्याला अडखळणे, एवढे निमित्त पुरते. मांडीचे हाड खुब्याच्या वाटीत जेथे बसते तेथील त्याची मान मोडते, अथवा मानेखालच्या उंचवट्यांच्या भागात भंग होतो. मोडलेला पाय आखूड दिसतो आणि बाहेरच्या अंगाला वळलेला असतो. हाडाच्या गाभ्यापेक्षा त्यावरील पातळ आवरणात संवेदक तंतूंची दाटी असते. ते आवरण फाटते. शिवाय भोवतालचे बळकट स्नायू आकसून मोडलेली टोके एकमेकांवर चढवतात. या दोन कारणांनी वेदना उत्पन्न होते, आणि ती एका विशिष्ट रीतीची असते. रुग्ण अगदी निश्चल पडून राहिला तर ती पुष्कळदा सह्य असते. कूस वळवली, खाली भांडे सरकवले, क्ष-किरण चित्रासाठी पाय हलवला, की ती असह्य होते.

येथेच भाषेचा पहिला घोटाळा होतो. खाटेपाशी उभी राहून परिचारिका विचारते, ‘आजी, दुखतं का?’ मराठीतील ‘दुखते’ हा साधा वर्तमानकाळ रीतीही सांगतो आणि चालू क्षणही. निश्चल पडलेली वृद्धा प्रश्न चालू क्षणाचा समजते आणि ‘नाही’ म्हणते. तिचे उत्तर खरे असते; प्रश्न अपुरा असतो. ‘हलवलं की दुखतं का?’ असे विचारले असते तर उत्तर निराळे आले असते. कागदावर मात्र ‘वेदना नाही’ अशी नोंद होते आणि ती पुढच्या पाळीला वारशाने मिळते.

दुसरा घोटाळा स्थानाचा. मराठीत दुखण्याचा कर्ता बहुधा अवयव असतो : ‘माझा गुडघा दुखतो’. दुखणारा मनुष्य षष्ठीत मागे राहतो, अवयव प्रथमेत पुढे येतो. ‘मला दुखते’ ही भावकर्तृक क्रियापदांच्या जवळ जाणारी रचना आहेच. पण रुग्णाकडून वैद्याला हवे असते ते अवयवाचे नाव, आणि मराठीची सहज रचना ते नाव पुरवते. दुर्दैवाने खुब्याच्या बाबतीत ते नाव अनेकदा चुकीचे असते. दुखणे खुब्याचे, आणि बोट जांघेकडे, मांडीकडे किंवा चक्क गुडघ्याकडे. त्यात बोलीभेदाची भर पडते. ‘खुबा’ हा शब्द सर्वांच्या तोंडी नाही; अनेकजण ‘कंबर मोडली’ असेच म्हणतात. मराठीत सामान्यतः ‘जांघ’ म्हणजे मांडीचा वरचा सांधा, हिंदीत ती सबंध मांडी. मुंबईसारख्या शहरात मराठी रुग्ण आणि हिंदी बोलणारा वैद्य यांच्यात एकाच शब्दाने दोन जागा दाखविल्या जातात. गुडघ्याचे चित्र काढून झाले, त्यात काही आढळले नाही, आणि मोडलेला खुबा दुर्लक्षित राहिला, असे प्रसंग वैद्यकीय शिक्षणात सावधगिरीचा दाखला म्हणून सांगितले जातात.

वेदनेच्या प्रकाराविषयी मात्र मराठी मुळीच दरिद्री नाही. कळ येते, चमक भरते, सणक जाते, तिडीक उठते, ठणका लागतो, ठसठस होते, रग लागते, आग होते, चुरचुरते, मुंग्या येतात. ही नामे आपापली क्रियापदे सोबत घेऊन हिंडतात. ‘ठणका भरला’ किंवा ‘चमक लागली’ असे कानाला खटकते, आणि क्रियापदाच्या निवडीतच वेदना आतून आली की बाहेरून, क्षणिक की टिकाऊ, याचा निवाडा होऊन जातो. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक याने टॉर्गरसन या सहकाऱ्याबरोबर १९७१ साली इंग्रजीतील अशा १०२ शब्दांचे वर्गीकरण केले, आणि त्या पायावर १९७५ साली मॅक्‌गिल विद्यापीठाच्या नावाने ओळखली जाणारी प्रश्नावली सिद्ध केली. तीत ७८ शब्द २० गटांत मांडले आहेत. भाषेकडे निदानाचे साधन म्हणून पाहण्याचा हा मोठा आणि यशस्वी प्रयत्न होता. परंतु त्याचे यश शब्द असणाऱ्यांपुरते होते.

घाईच्या वेळी ७८ शब्द वाचून दाखवीत बसणे शक्य नसते. म्हणून शून्य ते दहा अशा अंकांत वेदना सांगण्याची पद्धत रूढ झाली. ‘दहापैकी किती?’ हा प्रश्न शाळेत गुण मिळवलेल्या माणसाला सोपा वाटतो. महाराष्ट्रातील जुन्या पिढीच्या बोलण्यात मापाचा पाया दहा नसून सोळा आहे. दशमान नाणी १९५७ साली आली, पण ‘रुपयात चार आणे फरक आहे’, ‘बारा आणे दुखणं गेलं’ ही भाषा खेड्यातील वृद्धांच्या तोंडून त्यानंतरही दीर्घ काळ ऐकू येत राहिली. येथे एक बारकावा ध्यानी घ्यावा. आण्यांचे हे माप वेदनेचे नसून आरामाचे आहे. ते उरलेले दुखणे सांगत नाही, गेलेले सांगते. ‘बारा आणे’ हे उत्तर ऐकून तीव्र वेदनेचा आकडा लिहिणारा अननुभवी वैद्य रुग्णाच्या म्हणण्याच्या नेमके उलट लिहीत असतो.

हे सारे घोटाळे बोलू शकणाऱ्यांचे झाले. न बोलू शकणाऱ्यांचे काय होते, याचा एक लक्षणीय पुरावा न्यूयॉर्क येथील आहे. मॉरिसन व सिऊ या दोन वैद्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खुब्याच्या अस्थिभंगाच्या दोन गटांची तुलना केली होती. बुद्धी शाबूत असलेले ५९ रुग्ण एका बाजूस, आणि स्मृतिभ्रंशाच्या प्रगत अवस्थेतील ३८ रुग्ण दुसऱ्या बाजूस. मोडलेले हाड तेच, शस्त्रक्रिया त्याच धर्तीच्या. स्मृतिभ्रंश झालेल्यांना मिळालेली मॉर्फिनजन्य औषधांची मात्रा मात्र दुसऱ्या गटाच्या सुमारे एक-तृतीयांश होती. बुद्धी शाबूत असलेल्यांची स्थितीही समाधानकारक नव्हतीच. त्यांच्यापैकी अनेकांनी तीव्र वेदना सांगितली होती आणि तरीही त्यांना पुरेसे औषध मिळाले नव्हते. त्यांच्याहून एक-तृतीयांश औषध मिळालेल्यांना काय भोगावे लागले असेल, त्याची नोंद त्यांच्या शब्दांत असणे शक्यच नव्हते.

याचे कारण निष्ठुरता नव्हे. ते औषध लिहिण्याच्या शब्दप्रयोगात आहे. स्मृतिभ्रंशाच्या गटातील सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांना वेदनाशामक औषध नियमित वेळी द्यावे असा आदेशच नव्हता. वेदनाशामक पुष्कळदा लॅटिन परंपरेतून आलेल्या एका संक्षेपाने लिहिले जाते. त्याचा अर्थ ‘गरज पडेल तेव्हा’. वाक्य निरुपद्रवी दिसते. परंतु गरज पडली हे कोणी ठरवायचे, आणि कसे कळवायचे? या आदेशात रुग्णाने घंटी दाबावी, हाक मारावी, मागावे, ही अट अध्याहृत आहे. ज्याची वाणी गेली त्याच्यासाठी ‘गरज पडेल तेव्हा’ याचा व्यवहारातला अर्थ ‘कधीच नाही’ असा होऊ शकतो.

वेदना सोसावी लागणे एवढ्यावरच हे थांबत नाही. अशा रुग्णांत पुष्कळदा भ्रमावस्था उत्पन्न होते. जुन्या मराठीत ‘वातात बरळणे’ म्हणत ती हीच. मॉर्फिनने भ्रम होतो या भीतीने वैद्य मात्रा आखडती घेत. ही भीती निराधार नाही. पण २००३ साली मॉरिसन व त्याच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधील चार रुग्णालयांतील ५४१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा चित्र उलट दिसले. ज्यांना दिवसाकाठी १० मिलिग्रॅमहून कमी मॉर्फिन मिळाले त्यांच्यात भ्रमाचे प्रमाण अधिक होते, आणि बुद्धी शाबूत असलेल्यांपैकी ज्यांची वेदना तीव्र राहिली त्यांच्यात ते सुमारे नऊपट आढळले. न शमलेली वेदनाच बुद्धी ढवळून काढते, असा याचा रोख आहे. मग वैद्यापुढे पेच उभा राहतो. मॉर्फिन कमी दिले तर वेदना. अधिक दिले तर गुंगी, मळमळ, बद्धकोष्ठ, आणि क्षीण झालेल्या मूत्रपिंडामुळे शरीरात औषध साचून श्वास मंदावण्याचा धोका. भारतात आणखी एक अडचण आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने मॉर्फिन बाळगण्यावर कडक बंधने आली. २०१४ च्या दुरुस्तीने ती काही अंशी सैल झाली असली तरी लहान गावांतील अनेक रुग्णालयांत ते सहजी मिळत नाही.

या पेचातून बाहेर पडण्याची एक वाट म्हणजे चेतारोध. मॉर्फिन मुख्यत्वे मेंदू व मज्जारज्जू येथे काम करते. चेतारोधात वेदनेची वार्ता वाहून नेणाऱ्या तंतूंनाच वाटेत अडविले जाते. चेतातंतूतून जाणारा आवेग म्हणजे तंतूच्या आवरणातील सूक्ष्म द्वारांतून सोडियमच्या आयनांचा क्रमाक्रमाने आत होणारा शिरकाव. बधिरक औषध ही द्वारे काही तासांपुरती बंद करते. वार्ता निघते, पण पोहोचत नाही. रुग्णाची शुद्ध जागेवर असते, मेंदू गुंगत नाही.

या कल्पनेचा उगम व्हिएन्नाचा. तेथील कार्ल कोलर या तरुण वैद्याने १८८४ साली कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो हे दाखविले, आणि त्यानंतर थोड्याच काळात न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड याने तेच द्रव्य चेतेपाशी टोचून चेतेच्या अखत्यारीतील सबंध भाग बधिर करून दाखविला. स्वतःवर प्रयोग करता करता हॉल्स्टेडला कोकेनचे व्यसन जडले, ही या शोधाची दुःखद बाजू. पुढे कमी घातक द्रव्ये आली : विसाव्या शतकारंभीचे प्रोकेन मागे पडून १९४३ साली स्वीडनमध्ये लिडोकेन सिद्ध झाले, आणि १९५७ साली त्याहून दीर्घकाळ टिकणारे बुपिव्हकेन.

खुब्याच्या सांध्यापुरते पाहता प्रश्न असा की कोणत्या चेता अडवायच्या? लंडनचा शल्यवैद्य जॉन हिल्टन याने १८६० ते १८६२ या काळात दिलेल्या व्याख्यानांत एक नियम मांडला होता. ज्या चेतेच्या शाखा सांध्याला जातात तिच्याच शाखा तो सांधा हलविणाऱ्या स्नायूंना आणि त्या स्नायूंवरील त्वचेला जातात. बोट गुडघ्याकडे का जाते याचा उलगडा येथे होतो. खुब्याला पुढच्या अंगाने फीमोरल व ऑब्ट्युरेटर या दोन चेतांच्या शाखा येतात, आणि याच दोन चेता गुडघ्यालाही शाखा पुरवितात. मेंदूला वार्ता पोहोचते, तिच्यावरचा पत्ता मात्र पुसट असतो. सांध्याच्या मागील अंगास सायटिक व इतर चेतांच्या शाखा असल्या तरी वेदक तंतूंची दाटी पुढच्या अंगालाच अधिक आहे. रोध घालण्याचे ठिकाण त्यामुळे पुढे, जांघेपाशी येते.

अमेरिकेतील अलॉन विनी याने १९७३ साली जांघेतील एकाच टोचणीने फीमोरल, ऑब्ट्युरेटर आणि मांडीच्या बाहेरील त्वचेची चेता अशा तिन्ही अडतात असे प्रतिपादन केले आणि आपल्या पद्धतीला ‘तिन्ही एकात’ अशा अर्थाचे आकर्षक नाव दिले. ऑब्ट्युरेटर चेता या टोचणीने भरवशाने अडत नाही, हे पुढील काळातील चित्रणाने दाखवून दिले. नाव मात्र राहिले. अर्थ गेला तरी शब्द चालतच राहतो, याचे उदाहरण शोधणाऱ्याला वैद्यकाची परिभाषा निराश करीत नाही.

आज अधिक प्रचारात असलेली पद्धत फ्रान्समधील बर्नार्ड डालँ व त्याच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली मांडली, तीही वृद्धांसाठी नव्हे, मुलांसाठी. कटीच्या आतील अंगाला इलियाकस नावाचा स्नायू आहे. त्यावर चिवट पडदा असतो. फीमोरल चेता आणि मांडीच्या बाहेरील त्वचेची चेता या पडद्याखालून वाहतात, तर मोठी रक्तवाहिनी पडद्याच्या वर असते. तेव्हा सुई चेतेच्या व रक्तवाहिनीच्या जवळ नेण्याची गरजच नाही. दूर, बाहेरील अंगाला पडद्याखाली भरपूर पातळ औषध सोडले की ते आपण होऊन पसरत चेतांपर्यंत पोहोचते. कटीच्या हाडाचे पुढचे टोक आणि जघनास्थीचा उंचवटा यांना जोडणारी रेषा मनात धरायची, तिचे तीन भाग करायचे, बाहेरचा तिसरा भाग जेथे संपतो त्याच्या किंचित खाली बोथट सुई घालायची. सुई दोन पडदे भेदते, आणि प्रत्येक वेळी हाताला एक लहानसा झटका जाणवतो. दुसऱ्या झटक्यानंतर औषध सोडायचे. प्रौढ रुग्णास बहुधा ३० ते ४० मिलिलिटर. हे हाताचे ज्ञान आहे, आणि पुष्कळ काळ ते हातानेच हातात दिले गेले. ध्वनिलहरींनी सुई व पडदे पडद्यावर पाहत टोचण्याची रीत १९९४ च्या सुमारास पुन्हा व्हिएन्नातच काप्राल, मारहोफर आदी वैद्यांनी पुढे आणली. यंत्र जेथे आहे तेथे आता तीच पसंत केली जाते.

तिसरी पद्धत टोरोंटो येथून २०१८ साली पुढे आली. मोठ्या चेता न अडवता सांध्याच्या आवरणाला जाणाऱ्या बारीक शाखाच अडवाव्यात, म्हणजे वेदना जाईल पण मांडीचे बळ बरेचसे राहील, अशी तिची कल्पना. पहिल्या वृत्तांतात पाचच रुग्ण होते, औषध २० मिलिलिटर. ‘सांध्याच्या आवरणाभोवतीचा चेतासमूह’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जोडून या रोधाचे नाव ‘पेंग’ पडले. लेखकांपैकी एकाचे आडनावही पेंगच आहे. पाच वर्षांच्या आत ती जगभर पोहोचली, त्याला नावाचा सुटसुटीतपणाही थोडा कारण झाला असावा.

परिणामाचा पुरावा आता पुष्कळ आहे. डेन्मार्कमधील २००७ च्या एका प्रयोगात ४८ रुग्णांचे दोन गट केले. प्रत्येकाला जांघेत एक व स्नायूत एक अशा दोन टोचण्या दिल्या; एका गटाच्या जांघेत बधिरक व स्नायूत मिठाचे पाणी, दुसऱ्याच्या जांघेत मिठाचे पाणी व स्नायूत मॉर्फिन. कोणाला काय मिळाले हे रुग्णाला वा तपासणाऱ्याला ठाऊक नव्हते. चेतारोधाच्या गटात वेदना अधिक शमली, आणि गुंगी दुसऱ्या गटात अधिक दिसली. अशा ४९ प्रयोगांचा व ३०६१ रुग्णांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केला. रोध घातल्यापासून अर्ध्या तासाच्या आत, हालचालीच्या वेळची वेदना दहांच्या मापावर सरासरी अडीच अंकांनी उतरते. भ्रमावस्थेचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने कमी होते. छातीतील जंतुसंसर्गही बहुधा कमी होतो. मृत्युप्रमाणात फरक पडतो असे सिद्ध झालेले नाही, आणि तसा दावा कोणी करू नये.

मात्र या पुराव्याला एक भोक आहे, आणि ते भाषेच्या आकाराचे आहे. वेदना मोजायची तर रुग्णाने आकडा सांगितला पाहिजे. ज्याला आकडा सांगता येत नाही त्याला प्रयोगात घेता येत नाही. अनेक प्रयोगांनी स्मृतिभ्रंशाचे रुग्ण याच कारणास्तव वगळले. न्यूयॉर्कच्या वैद्यांनी ज्यांची दुर्दशा दाखविली, त्यांच्याच विषयी प्रत्यक्ष पुरावा सर्वांत थोडा आहे. त्यांच्या बाबतीत वैद्य अनुमानाने चालतो : हाड तेच, चेता त्याच, रोधाचे कार्य तंतूवर होते, शब्दावर नाही, म्हणून बोलणाऱ्याची वेदना ज्याने शमते त्याने न बोलणाऱ्याचीही शमावी. हे अनुमान सबळ आहे. चेतारोधाचे खरे मोल त्यातच आहे. रोध घालण्याचे कारण क्ष-किरण चित्रात दिसते. त्यासाठी मागणीची वाट पाहावी लागत नाही. औषधाचा हक्क तक्रारीवरून नव्हे, मोडलेल्या हाडावरून ठरतो.

अंदाज घेण्यासाठी शब्दाबाहेरच्या खुणा वाचण्याची साधनेही झाली आहेत. २००३ साली अमेरिकेत वॉर्डन, हर्ली व व्होलिसर यांनी प्रगत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी एक माप तयार केले. श्वास, कण्हणे व तत्सम आवाज, चेहरा, अंगाची ठेवण, आणि समजूत घातल्यावर शांत होणे वा न होणे या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन अंक. इंग्लंडमधील २०११ च्या मार्गदर्शक तत्त्वांत यापेक्षाही साधी कसोटी आहे : वैद्याने रुग्णाचा पाय हलकेच बाहेर वळवावा, आणि रुग्णाला ते सोसते का पाहावे. वेदनाशामक दिल्यापासून अर्ध्या तासात पुन्हा पाहावे, आणि रुग्ण स्थिरावेपर्यंत तासातासाने पाहत राहावे, असेही तेथे सांगितले आहे. ‘गरज पडेल तेव्हा’ या वाक्याला हे खरे उत्तर होय.

तरीही चेतारोधाने भाषेची गरज सर्वस्वी संपते असे मानणे चुकीचे ठरेल. बधिरक औषध चुकून रक्तवाहिनीत गेले वा फार झाले तर ते मेंदू व हृदय यांना बाधते. त्याची पहिली चाहूल ओठांभोवती बधिरता, जिभेवर धातूची चव, कानांत गुणगुण अशी असते, आणि या तिन्ही गोष्टी रुग्णाने सांगितल्याशिवाय कळत नाहीत. ज्याला सांगता येत नाही त्याची पहिली खूण थेट आकडी असू शकते. म्हणून अशा रुग्णाच्या बाबतीत मात्रा वजनावरून काटेकोर ठरवावी, औषध थांबत थांबत सोडावे, नाडी व रक्तदाब यांवर नजर हवी, आणि विषबाधेवरील उतारा म्हणून १९९८ नंतर पुढे आलेले स्निग्ध द्रावण हाताशी हवे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणे वा टोचण्याच्या जागी संसर्ग असणे, यांचाही विचार आधी करावा लागतो. एका टोचणीचा परिणाम काही तासांतच ओसरतो. शस्त्रक्रिया लांबली तर रोध पुन्हा घालावा लागतो किंवा बारीक नळी ठेवावी लागते; तेव्हा रोध घातला म्हणून इतर औषधे विसरणे योग्य नव्हे.

आणि संमती. संमती शब्दांतच घ्यावी लागते, रुग्णाची घ्या की मुलासुनेची. ‘चेतारोध’ हा शब्द परिभाषेत ठीक. खाटेपाशी तो कोणालाच कळणार नाही. ‘मज्जातंतू’ ऐकून पाठीच्या कण्याची भीती वाटते. बोलीत ‘नस’ म्हणजे रक्ताची शीरही आणि चेताही. ‘नस बंद करतो’ असे म्हणावे तर कुटुंबनियोजनाच्या मोहिमांनी तो शब्दप्रयोग कायमचा व्यापून ठेवलेला. ‘भूल देतो’ म्हटले की म्हातारी माणसे शुद्ध जाण्याची कल्पना करतात, आणि त्या भीतीने नकार देतात; कारण ‘भूल’ शब्दात विसरणे आहे, आणि विसरण्याचीच तर त्यांना धास्ती असते. ‘बधिर’ हा संस्कृतात कानाने न ऐकणारा. मराठीने तो कातडीला व हातापायांना लावला, आणि या कामी तोच सर्वांत उपयोगी पडतो. ‘जांघेत एक सुई देतो, पाय काही तास बधिर आणि जड राहील, शुद्ध जाणार नाही, हलवताना दुखणं कमी होईल’ एवढे सांगणे पुरेसे आहे. त्याला एक वाक्य मात्र जोडलेच पाहिजे, आणि ते रुग्णापेक्षा सोबतच्या माणसांसाठी अधिक आहे : दुखणे थांबले म्हणून हाड जुळलेले नाही, आणि बधिर पायावर कोणी उठून उभे राहू नये.